निवळी आधी, जेवण मग

आमचा दादा सव्वीस वर्षं चीजच्या कारखान्यात दूध नासवतोय आणि घरी आमचं डोकं खातोय. हे असंच का, ते तसंच का! फक्त एक गोष्ट त्याने निमूट मान्य केलेली. आईची दृष्टी साखरेने गेली, तशी आपलीही जाणार. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा साडेआठ सांगितला, तो उतरला नाही तर डोळे सांभाळणं कठीण म्हणाले, तरी हा नुसती मान हलवून घरी आला. मला त्याचा असा राग आला!

मग कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या बाई सहज बोलून गेल्या. चीज गाळून उरलेल्या निवळीतलं प्रथिन जेवणाआधी पोटात गेलं, तर नंतर साखर सावकाश चढते, असं म्हणतात. पण निवळीत साखरही असते, तेव्हा पेला लहानच ठेवा. झालं! रोज पिंपंच्या पिंपं गटारात सोडतो ते पिवळट पाणी? दादा इरेला पेटला.

एक दिवस निवळी पिऊन जेवायचं, एक दिवस न पिता, आणि दोन तासांनी बोट टोचायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, ही वहिनीची तंबी. आता कारखान्याचा नियम असा, की दुधाच्या दोन खेपा ताडून बघायच्या तर बाकी सगळं सारखं हवं. म्हणून दादा रोज वजनकाटा घेऊन जेवायला बसायचा. तेवढाच भात, तेवढीच भाजी, ठोक्याला आठ वाजता. वहिनीने आग्रह केला की म्हणायचा, प्रयोग बिघडेल. अहो, एरवी पातेलं पुसून खाणारा माणूस हा!

निवळीच्या दिवशी आकडा बहुतेक वेळा थोडा कमी यायचा. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर सात. दादा मला घेऊन डॉक्टरांकडे गेला आणि त्यांना निवळीचं माहात्म्य सांगायला लागला. त्यांनी त्याची वही चाळली आणि हसू दाबत विचारलं, की निवळी एक दिवसाआड, पण मोजलेला भात तर रोजच होता ना? मग जास्त श्रेय कुणाचं?

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता हा वाद घालणार, असं मला वाटलं. पण तो वही उचलून निघाला. जिना उतरताना मधेच थांबला, खिशातला तपासणीचा कागद काढून पुन्हा वाचला.

“म्हणजे हा आकडा हलतो,” तो म्हणाला. “आईचाही हलला असता का गं?”

आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो आणि लोकांना वाट देत रडलो.