तहसीनच्या घरची शाळा

सिहोऱ्याच्या बाजारात पालाची दोरी बांधता बांधता इद्रीस खाली बसला, तो उठलाच नाही. शेजारच्या लसूणवाल्यानं तोंडाला पाणी लावलं, ते हनुवटीवरून तसंच ओघळून गेलं. धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, नुकतीच आटोपली होती, बायाबापड्यांचा बाजारहाट जोरात होता, आणि इद्रीसच्या पालासमोर बांगड्या बघायला दोन-चार पोरी आधीच येऊन उभ्या होत्या. बांगड्या, क्लिपा, रिबिनी, टिकल्या. गावोगावच्या आठवडी बाजारांत कटलरीचं दुकान मांडून त्यानं संसार चालवला होता. वय पस्तिशीच्या आसपास.

मोहाडीतल्या घरी त्याला आणलं, तेव्हा त्याची दोन्ही पोरं बाहेर होती. आठ वर्षांची अरीबा जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीत. पाच वर्षांचा हम्माद त्याच आवारातल्या अंगणवाडीत. शेजारची बेबीबाई त्यांना घ्यायला गेली.  घरासमोर गर्दी होती. सकाळी ज्या अब्बूनं तिच्या दप्तराचा तुटलेला पट्टा दोरा घालून बांधून दिला होता, तो पांढऱ्या कापडात होता.

त्याची बायको तहसीन रडली नाही. बायांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवले, 'रो ले बेटा' म्हणून विनवलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो, चिमटा काढला तरी कळत नाही. तसं तिचं सगळं अंगच झाल्यागत झालं होतं. कोणी ताट पुढे ठेवलं की ती दोन घास खायची. उचललं की हात धुवायची.

मग इद्दत सुरू झाली. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, ही रीत. घरात तहसीन, दोन पोरं आणि इद्रीसची म्हातारी आई. गुडघ्यांनी जखडलेली म्हातारी दिवसभर खाटेवर बसून असायची. मोहाडीत मुसलमानांची घरं मोजकीच, पण पहिले काही दिवस डबे सगळ्यांकडून येत होते. बेबीबाईकडून तर रोज.

आठवड्यानं म्हातारीनं पोरांना शाळेसाठी तयार केलं. अरीबानं दप्तर पाठीवर घेतलं, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर बसली. हम्माद तिच्या शेजारी बसला.

"जाओ बेटा, देर होगी," म्हातारी म्हणाली.

"नहीं जाना."

"क्यूं?"

अरीबानं दप्तराचा पट्टा घट्ट धरला. मग आतल्या खोलीकडे बोट करून म्हणाली, "हम गए, और अम्मी भी..."

 म्हातारीनं पदर तोंडाला लावला. आतून तहसीननं ते ऐकलं. उठावं, पोरीला कवटाळावं, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिनं एवढंच म्हटलं, "राहू द्या अम्मा. घरीच बसतील."

घरची शाळा सुरू झाली ती अशी. कोणी ठरवून काढली नाही.

खरं तर तहसीन शिकलेली. लग्नाआधी तुमसरला डी.एड. केलं होतं. नोकरीची वाट बघता बघता लग्न झालं, पोरं झाली आणि प्रमाणपत्र पेटीच्या तळाला गेलं. आता पोरं दिवसभर तिच्या अंगाला चिकटून बसत. एक दिवस हम्मादनं तांदळाच्या पोत्यावरच्या अक्षरावर बोट ठेवलं. "अम्मी, हे काय?"

"त," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"अन् हे?"

"दोन मात्रा असत्या तर तै. हा एक मात्रेचा ते."

असं पोतं वाचून झालं. दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा. मग अरीबानं स्वतःच पुस्तकं काढली. सकाळी दादीच्या खाटेजवळ बसून दोघं अरबीचा कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, वाचत. म्हातारीला अक्षरं दिसत नसत, पण उच्चार चुकला की ती गुडघ्यावर टिचकी मारी. मग मराठी, मग गणित. पुढच्या खोलीत इद्रीसचा माल तसाच खोक्यांत पडून होता. दहाच्या गड्ड्या करायला क्लिपा कामाला आल्या, पाढ्यांना बांगड्या. तहसीन शिकवायची ते नळाचं पाणी भरल्यासारखं: चावी फिरवली, पाणी आलं. तिला त्यातलं काही गोड लागत नव्हतं, जडही जात नव्हतं.

एकदा वजाबाकीची शाब्दिक उदाहरणं चालली होती. तहसीन अरीबाला म्हणाली, "एक तू तयार कर."

अरीबानं पाटीवर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "आमच्या घरी पाच माणसं होती. एक माणूस गेला. तर आता घरी किती माणसं उरली?"

हम्मादनं बोटं मोजली. "चार!"

खाटेवर म्हातारीचा श्वास अडकल्यासारखा झाला. तहसीननं पाटी हातात घेतली, 'उरली'मधली वेलांटी दुरुस्त केली आणि खूण केली. "बरोबर आहे. आता बेरजेचं कर."

रात्री अंथरुणावर तिला ते उदाहरण आठवलं. आपण अशा कशा झालो, असं तिच्या मनात आलं. पण त्या विचारालाही धार नव्हती.

इद्दत संपली. थंडी पडली होती, शेतांतली धानकापणी होऊन गेली होती. आता तहसीन बाहेर जाऊ शकत होती, पोरांना शाळेत सोडू शकत होती. तिनं सोडलं नाही. अरीबा तयार नव्हती आणि तहसीनच्या अंगात तिला समजावायचं बळ नव्हतं.

मग लोक बोलू लागले. गावातले आणि नात्यातले, दोन्हीकडचे.

बेबीबाई एक दिवस सुपात शेंगा घेऊन आली. सूप टेकवत म्हणाली, "काहून वो तहसीन, पोरीले शाळेत काहून नाई धाडून राहिली? लोकं म्हंतेत, हेयच्यात असंच रायते, पोरीले शिकूच देत नाई."

"शिकवून राहिली ना मी घरी."

"मले मालूम हाय. मी सांगतो त्याईले. पन तू एकदा बोल ना कोनाले!"

"काय बोलू बेबीबाई?"

 बेबीबाईनं शेंगा ओतल्या आणि रिकामं सूप घेऊन गेली.

त्याच महिन्यात इद्रीसचा मोठा भाऊ तुमसरहून आला. अरीबा घरी वाचत बसलेली बघून खूश झाला. "बहोत अच्छा किया. लडकी जात घर में ही अच्छी. दीन-धरम भी सीखेगी, शर्म-हया भी रहेगी." त्यानं तहसीनचं कौतुक चारचौघांत केलं. तहसीननं चहा पुढे ठेवला. ज्यांनी नावं ठेवली तेही चुकत होते, ज्यानं शाबासकी दिली तोही चुकत होता. पोरगी भ्याली होती आणि आई बधिर झाली होती, एवढीच गोष्ट. पण ती उलगडून सांगायची तर तोंड उघडावं लागलं असतं.

हर्षा मॅडम आल्या त्या शाळेतून, अरीबाच्या वर्गाच्या बाई. इद्दतीतही त्या एकदा येऊन बसून गेल्या होत्या. यावेळी त्यांनी अरीबाला जवळ बोलावून तिसरीचा धडा वाचायला लावला. तिनं न अडखळता वाचला. मग त्या हलकेच म्हणाल्या, "तहसीनताई, तुम्ही आमच्यापेक्षा पुढे नेली पोरीला. नाव मी काढलं नाही, काढणारही नाही. पण एप्रिलमध्ये पेपरला तरी घेऊन या. आणि तुम्ही कशा आहात?"

"ठीक आहे."

"झोप येते?"

"येते. खूप येते."

हर्षा मॅडम जरा पुढे सरकल्या. "सरकारी दवाखान्यात एक मॅडम आहेत, बोलायचं असलं तर. मी सोबत येईन." तहसीन हो म्हणाली. गेली मात्र नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी तहसीन उठलीच नाही. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. म्हातारीनं दोनदा हाक मारली. हम्माद उशाशी येऊन उभा राहिला आणि परत गेला. मग पुढच्या खोलीतून अरीबाचा आवाज आला. तिनं वर्ग भरवला होता. हम्मादची हजेरी घेतली, दादीचीही घेतली. दादी खाटेवरून "हाजिर" म्हणाली. कायदा झाला, कविता झाली, पाढे सुरू झाले.

"सात सक बेचाळीस. साती साती एकोणपन्नास. साती आठी चोपन्न."

हम्मादनं म्हटलं, "साती आठी चोपन्न."

दादीनं म्हटलं, "साती आठी चोपन्न."

तहसीननं डोळे मिटले. पुन्हा एकदा तिघांनी मिळून चोपन्न म्हटलं. आता ते कायमचं बसणार होतं.

"छप्पन्न," ती भिंतीलाच म्हणाली. मग उठून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "छप्पन्न, अरीबा! चोपन्न नव्हे!"

 केस तसेच गुंडाळून ती दारात आली. तिला राग आला होता. कितीतरी महिन्यांनी काहीतरी आलं होतं, आणि ते पाढ्यावरून यावं याचं तिला नवल वाटलं. अरीबा रडायला लागली. तहसीन तिच्याजवळ बसली, तिला मांडीवर घेतलं नाही, पण खोक्यातल्या बांगड्या घेऊन आठ-आठच्या सात रांगा मांडल्या. दोघींनी मोजल्या. मग तहसीन चूल पेटवायला गेली.

एप्रिलमध्ये अरीबानं पेपर दिले. उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा ती म्हणाली, "मी जाते. पण तू व्हरांड्यात बसशील तर."

हर्षा मॅडमनी हरकत घेतली नाही. तहसीन हम्मादला घेऊन चौथीच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसू लागली. अरीबा खिडकीतून बघायची, तहसीन तिथंच असायची, हम्मादकडून शुद्धलेखन करून घेत. डबे घेऊन जाणाऱ्या बाया बघत, हसत, काही बसूनही जात.

एके दिवशी मधल्या सुट्टीत अरीबा धावत आली. "अम्मी, तू आता घरी जा ना."

"काहून?"

"पोरी हसून राहिल्या. म्हणतेत, तुझी आई रोज शाळेत येते." आणि पळाली.

तहसीननं सतरंजी गुंडाळली. हम्मादचा हात धरून ती बाजारचौकातून चालत घरी आली. वाटेत बेबीबाईनं हाक मारली, तिनं मान हलवली. घरी येऊन तिनं दादीला सांगितलं, "अम्मा, उसने भेज दिया मुझे." म्हातारी हसली. तहसीनला हसू आलं नाही.

अरीबा आता रोज एकटी जाते. तहसीन घरूनच इद्रीसचा माल विकते. बाया बांगड्या भरायला येतात, बसतात, बोलतात, ती ऐकते. दवाखान्यात ती हर्षा मॅडमसोबत एकदा जाऊन आली, परत जायचं आहे. हम्मादला तिनं यंदा घरीच ठेवलं आहे. तो जोडाक्षरांवर आला आहे, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं दारात बसून वाचतात.