आजोबांचं नाव आणि आजीची नवमी

मला स्मशानांचा कंटाळा आलाय, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यातल्या वैकुंठ स्मशानाबद्दल माझी तक्रार नाही; तिथे शेवटी लोकच पोचवतात. मी म्हणतोय ती युद्धात मेलेल्या सैनिकांची स्मशानं. निवृत्तीनंतर लोक काशी-रामेश्वर करतात, मी ही केली. सगळीकडे तेच. हिरवंगार कापलेलं गवत, रांगेत पांढरे दगड, दगडावर वय. एकवीस. एकोणीस. चोवीस. पहिल्या वेळी मी रडलो होतो. पुढे पुढे आत शिरल्याबरोबर सावली आणि बाकडं शोधायला लागलो. सांगायला लाज वाटते, पण दमलेल्या माणसाला एकोणीस हा नुसता आकडा दिसतो.

हा सगळा खटाटोप आईसाठी. तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. सातारच्या बाजूचं गाव. काही दिवस पत्रं आली, मग बेपत्ता असल्याचा सरकारी कागद आला, आणि पुढे काहीच नाही. आजीने त्या कागदाचा एकच अर्थ घेतला, की मेले असं कुणी म्हटलेलं नाही. तिने कुंकू पुसलं नाही. हातातला हिरवा चुडा शेवटपर्यंत होता. ती गेली तेव्हा आईने तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला आणि सवाष्ण म्हणून पाठवलं.

आईला भाऊ नाही, त्यामुळे पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये होते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. आई हे वर्षानुवर्षं करत आली आहे. आणि वर्षानुवर्षं माझ्यामागे धोशाही लावत आली आहे, की बाबांचं काय झालं ते शोध. या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतील, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही. म्हणवतो मात्र मी स्वतःला पुणेकर!

सुरुवात जवळच्या खडकीपासून केली. भर उन्हात दगड न् दगड वाचला. मग ईशान्येला कोहिमाला गेलो. तिथलं स्मशान टेकडीवर, पायऱ्या चढून गुडघ्यांची वाट लागली. दोन्ही ठिकाणी आजोबा नव्हते. पुन्हा एकदा खडकीला गेलो, तेव्हा तिथे पाइप धरून गवताला पाणी घालणाऱ्या माळ्याने मला हटकलं.

"काका, काय शोधताय?"

"आजोबांचा दगड."

"हिंदू होते का?"

"म्हणजे काय!"

"मग त्यांना पुरतील कशाला? जाळलं असणार. दगड सोडा, अशांची नावं भिंतीवर असतात."

मी कपाळावर हात मारला. आपल्यात माणूस पुरत नाहीत, हे मला एका माळ्याने सांगावं लागलं. एवढी वर्षं मी वाकून वाकून दुसऱ्यांच्या पोरांची नावं वाचत होतो.

प्रत्येक वेळी घरी आलो की आईचा प्रश्न ठरलेला. "सापडले?" मी म्हणायचो, नाही. त्यावर ती शांतपणे म्हणायची, "मग असतील."

"अगं, असते तर शंभरी कधीच उलटली असती त्यांची!"

"असू देत. तुझं काही खातायत का?"

मी पुढच्या स्मशानाचा पत्ता शोधायला लागायचो.

आजोबांची पलटण तिकडेही लढली होती असं कळलं, म्हणून गेल्या वर्षी इटलीला गेलो, एका सहल कंपनीबरोबर. सहलीतली मंडळी कलत्या मनोऱ्याला हात लावून फोटो काढत होती, तेव्हा मी टॅक्सी करून शहराबाहेरच्या एका स्मशानात पोचलो. पाय सुजले होते, पाणी संपलं होतं. हिंदू आणि शीख सैनिकांची नावं वेगळ्या भिंतीवर कोरलेली होती. त्यात आजोबा होते. शेजारच्या छोट्या कपाटात नोंदवही ठेवलेली होती. तिच्यात त्यांचं गाव होतं, आजीचं नाव होतं, आणि मृत्यूची तारीख होती. वय सव्वीस. माझा मुलगा आज त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी खाली बसलो. आईला व्हिडिओ कॉल करावा म्हणून फोन काढला आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पितृपंधरवडा चार दिवसांवर होता. आजी या तारखेनंतर चाळीस वर्षं जगली होती. म्हणजे तो चुडा, तो मळवट, आईने घातलेल्या एवढ्या नवम्या, सगळं मी एका फोनवर पुसून टाकणार होतो. मी फोन खिशात ठेवला. भिंतीचा फोटोसुद्धा काढला नाही. कुठून या फंदात पडलो, असं झालं मला.

घरी पोचलो. दाराशी बूटसुद्धा काढले नव्हते. आई समोरच खुर्चीत बसून ओटीच्या हिरव्या बांगड्या फडक्याने पुसत होती.

"सापडले?"

"नाही."

तिने वर पाहिलं. आता ती म्हणेल, मग असतील. त्यावर काय बोलायचं ते मी विमानातच ठरवून ठेवलं होतं. पण ती तसं म्हणालीच नाही. पुन्हा बांगडी पुसायला लागली.

"तिथे झाडलोट करतं का रे कुणी?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "करतात गं. खूप स्वच्छ आहे. फुलझाडं आहेत."

"बरं." तिने बांगड्या मोजून ताटात ठेवल्या. "नवमीची सवाष्ण सांगून झालीय. ती मोडायची नाही."

"नाही मोडत."

"आणि आता तू कुठे जाऊ नकोस. दमलास."

मी बुटाची नाडी सोडायला खाली बसलो आणि दारातच हमसून हमसून रडलो.