चुडामणभाऊंची फळी

भरताची वांगी भाजत होते. दोन भाजून ताटात काढली होती आणि दोन कपाशीच्या काड्यांच्या जाळावर होती, तेवढ्यात आमचे जेठ, म्हणजे यांचे थोरले भाऊ रतिलालभाऊ, मागच्या दारानं अंगणात आले. गल्लीतल्या दत्तमंदिराच्या पंचांपैकी ते एक. खाटेवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सुमनबाई, तुमच्या फळीवाल्याचा विषय काल काढला मी," ते म्हणाले. "नाही म्हणतात सगळे."

"सगळे म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"मी गप्प बसलो. गप्प बसलेला माणूस कुठल्या बाजूला धरायचा ते तुम्ही ठरवा." चपलेनं त्यांनी एक काडी जाळात सरकवली. "उचलून न्यायचा असेल तर दोन जवान पोरं देतो म्हणाले. प्रसाद पाठवतो म्हणाले. पण फळी आत यायची नाही."

चहासुद्धा न घेता ते गेले. जाळावरची वांगी एका बाजूनं फुटून त्यांचं पाणी राखेत गळत होतं, आणि मला ती उलटायचं सुचेना.

हे बोलणं ज्यांच्याविषयी झालं ते चुडामणभाऊ बरीच वर्षं आमच्या मंदिराच्या दाराशी फुलं, कापूर आणि वाती विकायचे. मूळचे पाचोऱ्याचे. तिथं मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढवायचे. एकोणऐंशी साली शंटिंगच्या डब्याखाली त्यांचे दोन्ही पाय मांड्यांपासून गेले. इलाजाला जळगावला आणलं आणि ते इथंच राहिले. घरी का जात नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "अक्का, पाचोराले लोकेसनी माले पायवर उभा देखेल शे. आठे कोनी देखेल नही." तिथल्या लोकांनी पायांवर उभं पाहिलंय, इथं कुणी पाहिलेलं नाही.

त्यांची फळी आंब्याच्या लाकडाची, हातभर लांब. वर गोणपाटाची गादी, खाली चार लोखंडी बेअरिंग. दोन हातांत दोन लाकडी ठोकळे असायचे, ते जमिनीला टेकून पुढं सरकायचे. पहाटे गल्लीच्या तोंडाशी तो खरखराट आला की काकडआरतीची वेळ झाली असं आम्ही समजायचो. तेव्हा मंदिरात शहाबादी फरशी होती. पालखीसाठी पायऱ्यांच्या बाजूला उतार केलेला होता. त्यावरून ते वर चढायचे, थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जायचे, कपाळ टेकवायचे आणि मग बाहेर येऊन टोपली मांडायचे. त्यांना कुणी काही म्हणत नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडचा हार मला एका गुळगुळीत रंगीत कागदात मिळाला. घरी येऊन सोडला तर त्यावर एक पिवळ्या केसांचा पोरगा, कमरेपर्यंतच. एक हात भिंतीच्या काठावर टेकलेला, बाकीचा सगळा वर हवेत, आणि कागद तिथंच फाटलेला. एवढा छान कागद टाकवेना, म्हणून देवघराच्या फळीवर अंथरला. दुसऱ्या दिवशी चुडामणभाऊ माझी वाटच बघत होते.

"अक्का, कालदिन हार दिन्हा, त्याना कागद फेकी दिन्हा का?"

"नाही. आहे की."

"मंग आना बरं. त्याना पाय मन्हापा शेतस."

त्यांच्याजवळ कागदाचा दुसरा अर्धा होता. त्यात दोन पाय, पायांत बूट आणि बुटांखाली चाकांची फळी. त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ करून दोन्ही तुकडे जोडले. पोरगा उलटा होता. डोकं खाली, फळी आभाळाकडं.

तो कागद रद्दीवाल्या भाईदासकडचा होता. मुंबईच्या बंदरातून आलेल्या परदेशी रद्दीचा एक गठ्ठा त्याच्याकडं होता आणि त्यात या फळीच्या खेळाची बरीच मासिकं होती. चुडामणभाऊंनी ती सगळी मागून घेतली. फुलं बांधायला पुन्हा वर्तमानपत्र सुरू झालं.

फुलांचं गिऱ्हाईक ओसरलं की ते मांडीवर कागद पसरून बसायचे. मांडी म्हणजे जेवढी उरली होती तेवढी. मी दर्शन करून निघाले की हाक मारायचे. फोटोखाली नावं छापलेली असायची. इंग्रजी अक्षरं मला लावता येतात, पण उच्चार जमेना. मग त्यांनीच नावं ठेवली. पिवळ्या, लंबू, दाढीवाला. एक काटक, काळासावळा पोरगा होता त्याचं नाव बिजला. सातपुड्याकडचा बिजला नावाचा हमाल त्यांच्याबरोबर मालधक्क्यावर होता, तो असाच वाकून चालायचा म्हणे.

बऱ्याच फोटोंत ही पोरं एका मोठ्या निळ्या टाकीत फिरताना दिसायची. गोल भिंती, आत उतरायला शिडी, आणि पाण्याचा टिपूस नाही. चुडामणभाऊ म्हणाले, "तठे बी दुकाय शे, अक्का. टाक्या कोरड्या पडन्यात, पोऱ्या खेळी ऱ्हायनात." मलाही ते पटलं. त्या सालीच आमच्याकडं नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येत होतं. ते पोहण्याचे तलाव असतात आणि मुद्दाम रिकामे करतात, हे आम्हाला रतिलालभाऊंनी फार पुढं सांगितलं. तेव्हाच त्यांनी हेही सांगितलं, की ही पोरं नुसती हौशी नाहीत, त्यांचा हा पेशा आहे आणि कंपन्या त्यांना पगार देतात.

"फळीवर चढाना पगार?" चुडामणभाऊ हसले. "पाय ऱ्हाईसन फळीवर चढतस त्यासले पगार, नि माले लोके पाच पैसा टाकतस."

ब्याण्णवला मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि पांढराशुभ्र संगमरवर बसला. पहिल्याच आठवड्यात दारापासून गाभाऱ्यापर्यंत बेअरिंगचे दोन काळे ओरखडे उठले. पंचांनी चुडामणभाऊंना बोलावून सांगितलं, फळी बाहेर ठेवायची. त्यांनी वाद घातला नाही. ओरखडे त्यांनाही दिसत होते. ते उतारावर थांबून लांबूनच हात जोडू लागले. तिथून गाभारा दिसत नाही, नवा खांब मध्ये येतो.

मग त्यांनी पुन्हा ती मासिकं काढली. या वेळी पोरांकडं बघत नव्हते, चाकांकडं बघत होते. म्हणाले, "लोखंडना नहीत ह्या. जाड शेतस, गुळगुळीत शेतस." एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याला फोटो दाखवून त्यांनी नायलॉनची चार चाकं कातून घेतली. मधलं वर्ष दीड वर्ष त्यातच गेलं, कारण लेथवाला रिकामा असेल तेव्हाच फुकट काम करणार होता. नव्या चाकांना आवाज नव्हता. आमच्या ओट्याच्या पॉलिशच्या फरशीवर त्यांनी फळी फिरवून दाखवली. एक रेघ उठली नाही.

ती फळी घेऊन ते मंदिराशी आले. आपण पाय धुतो त्या नळाखाली त्यांनी चारही चाकं धुतली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि उतारानं वर गेले. दारात रतिलालभाऊ आणि आणखी दोन पंच उभे होते.

"ओरखडे उठत नसतील, चुडामण," रतिलालभाऊ म्हणाले, "पण रस्त्यावरची वस्तू ती. आम्ही चपला बाहेर ठेवतो की नाही?"

"हाई चप्पल नही, भाऊ. ह्या मन्हा पाय शेतस. धोईसन लयनू."

"पाय कातडीचे असतात. हे लाकूड आहे."

"गाभारामा देवन्या पादुका शेतस, त्या काय शेतस?" चुडामणभाऊ म्हणाले. "लाकूडन्याच शेतस ना? देव बठ्ठा गावमा हिंडना त्या घालीसन. देवनी चप्पल मझार चालस, नि मन्हा पाय चालत नहीत?"

देवाची चप्पल आत चालते आणि आपले पाय चालत नाहीत, हे ऐकून एक पंच हसला. रतिलालभाऊ हसले नाहीत. "देवाशी बरोबरी करतोस का रे?"

मी तिथंच होते, ताम्हन हातात घेऊन. लहानपणापासून मी त्या पादुकांवर फूल वाहत आले. त्या कुणीतरी पायांत घालायच्या वस्तू आहेत हे कधी मनातच आलं नव्हतं. ते एकदा आलं आणि मग गेलं नाही.

पंचांनी तेव्हाच सुचवलं होतं, की दोन पोरं त्यांना उचलून आत नेतील. चुडामणभाऊ म्हणाले, "गाठ उचलाले मी गयथू. मी गाठ नही." कापसाच्या गाठी उचलायला गेलो होतो, आपण गाठ नाही.

चौऱ्याण्णवच्या दत्तजयंतीला ते पुन्हा उतारावरून वर आले. गर्दीत कळणार नाही असं वाटलं असेल. दारात ओळखलं गेलं आणि मागं फिरवलं गेलं. उतार चपलांनी भरलेला. लोखंडी बेअरिंग असती तर अडखळत उतरली असती. नायलॉनची चाकं पाण्यासारखी सुटली. त्यांनी ठोकळा टेकला तो चपलेवरून सरकला, आणि गटाराच्या काठावर उजवा हात अंगाखाली येऊन मनगट मोडलं.

ते नीट जुळलं नाही. बोटांत पकड राहिली नाही. एका हातानं ढकललं की फळी पुढं जात नाही, जागच्या जागी गोल फिरते. हे त्यांनी आमच्या दारापुढं करून पाहिलं. दोनदा फिरले आणि थांबले. पुढच्या आठवड्यात त्यांची बहीण कमलबाई टेम्पो घेऊन आली आणि त्यांना पाचोऱ्याला घेऊन गेली. ज्यांनी पायांवर उभं पाहिलं होतं त्यांच्यातच शेवटी जावं लागलं.

या वर्षात मी तीनदा जाऊन आले. कमलबाईच्या ओसरीत त्यांची खाट आहे आणि समोरच्या भिंतीवर तिनं ते सगळे फोटो खळीनं चिकटवून दिलेत. झोपल्या झोपल्या दिसावेत म्हणून. मला पाणी देत ती म्हणाली, "मन्ही भितीवर देव एक शे, नि ह्या वांदरं पंधरा. येनारा-जानारा माले इचारस, हाई तुन्हा कोन?"

"सांग ना, जवाई शेतस," खाटेवरून चुडामणभाऊ म्हणाले.

मागच्या खेपेला गेले तेव्हा त्यांना ताप होता. बसून बसून आणि आता पडून पडून कमरेखाली जखमा झाल्यात, त्या भरत नाहीत. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. त्यांनी मला फोटोंखालचे आकडे वाचायला लावले. पंच्याऐंशी, शह्याऐंशी, सत्त्याऐंशी.

"आते पंच्याण्णव," ते म्हणाले. "तो पिवळ्या देखा. पयलामा पोऱ्या शे. दुसरामा मिशी उनी. तिसरामा तो नहीच शे. मी बठ्ठा कागद देखात. लंबू शे, बिजला शे, पिवळ्या नही."

"दुसरा खेळ धरला असेल त्यानं."

"पडना व्हई," ते म्हणाले. "पडेलना फोटो कोन छापी?"

खालच्या कोपऱ्यात एक लहानसा फोटो होता. लंबू टाकीच्या काठावर बसलाय, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, फळी बाजूला. तो हसतोय. इतकी वर्षं त्या फोटोकडं आमचं कधी लक्ष गेलं नव्हतं, कारण त्यात कुणी उडत नव्हतं. चुडामणभाऊ बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "त्याले माहीत शे, हात बरा व्हई," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "अक्का, एक काम करा. पंचसले एकदाव इचारा. फळी चप्पल शे का पाय? पाय शे म्हनतीन, तं यंदानी जयंतीले कमल माले दोरी बांधीसन लई जाई. उंबराले कपाय टेकसू. मंग काही बी व्हवो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तं तुम्ही ईसन सांगा. दुसरानी सांगेल माले पटाव नही."

मी रतिलालभाऊंकडं शब्द टाकला. आज त्याचं उत्तर आलं.

सकाळी आरतीला पादुकांवर फूल वाहिलं, रोजच्यासारखं. देवाला मी काही विचारलं नाही. विचारायचं ते पंचांना विचारून झालं होतं. मनात एवढंच येत राहिलं, की आत कोणी यावं हे ज्यांनी ठरवलं ते सगळे चालत आले होते.

उत्तर कळवलंच नाही तर काय, असाही विचार येऊन गेला. ते वाट बघत राहतील, त्या आशेवर चार दिवस जास्त काढतील. पण कमलबाईचा परवा निरोप होता. तिनं फळी घासून धुतली आहे, चाकांना तेल घातलं आहे, कासऱ्याची नवी दोरी बांधली आहे आणि शेजारच्या टेम्पोवाल्याला जयंतीचा दिवस सांगून ठेवला आहे. कळवलं नाही तर ते येतील, ताप अंगात घेऊन, जखमा बांधून, धुतलेली चाकं घेऊन, आणि भरल्या गर्दीत त्याच दारातून, त्याच उतारावरून त्यांना परत फिरवतील. ओढणारी कमलबाई उतरताना पुढं असेल की फळी धरायला मागं, कुणास ठाऊक.

उचलून न्यायला दोन पोरं देतो म्हणाले, हे सांगायचं की नाही ते गाडीत बसल्यावर ठरवीन. प्रसादाचं मात्र सांगणार नाही.

यांना जेवायला वाढून ठेवलं आहे, शेजारी किल्ली दिली आहे. दुपारच्या पॅसेंजरनं पाचोऱ्याला जाते, चुडामणभाऊंना पंच नाही म्हणाले ते सांगायला.