कयाकमधली पुढची जागा

गगनबावड्याची एस.टी. सुटायच्या आधीच माझं मन खट्टू झालं होतं. दादा आणि वहिनी एका बाकावर, मी त्यांच्या मागं, मांडीवर फराळाचा डबा. दादाचा पहिला दिवाळसण होता, वहिनींच्या खाडीकाठच्या माहेरी. आईनं मला सोबतीला धाडलं होतं.

टपावर दोन लांब पिशव्यांत दादाची कयाक होती. लाकडी पट्ट्यांवर रबरी कापड ताणून उभी करायची ही घडीची होडी त्यानं विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती. रंकाळ्यावर पुढच्या जागेवर मी बसायची, मागं तो. वारा आडवा आला की तो "लेफ्ट", "राइट" म्हणायचा. मी मोकळेपणानं कुणाशी बोलले असेन तर त्या होडीतच. आता त्याला भरती-ओहोटीच्या पाण्यात सराव करायचा होता. पुढं कोण बसणार, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

गगनबावड्याला धुकं होतं. चहाच्या टपरीवर एका फेटेवाल्यानं टपाकडं बोट केलं.

"पावणं, त्यात काय हाय?"

"होडी," दादा म्हणाला.

"पिशवीत होडी? मग नदीचीबी घडी घालून आणलीया की काय?"

सगळी टपरी हसली. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि दादा फेटेवाल्याला सोडून त्यांच्याकडंच बघत राहिला. माझा चहा निवून गेला.

घाट उतरताना थंडी मागं राहिली, माड दिसू लागले. माहेरच्या वाटेवर वहिनींची चाल बदलली; आमच्या घरात इतक्या भरभर चालताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. रात्री घावन आणि नारळाचा गोड रस होता. त्यांनी पहिलं घावन मला वाढलं. मी नुसती मान हलवली.

सकाळी ओट्यावर सगळे वडीलधारे बसलेले. दादानं कयाक पाण्यात लावली आणि वहिनींना हाक मारली. त्यांच्या आत्या ओट्यावरूनच म्हणाल्या, "जावयबापूनू, बायलेक (बायकोला) घेवन होडयेत? लोक काय म्हणतले?"

दादा ओशाळला. मी पुढं झाले. जागा माझीच होती. पण आत्यांनी वहिनींना हुकूम केला, नणंदेला घेऊन तूच जा, तिला खाडी दाखव. दादानं आपलं वल्हं त्यांच्या हातात दिलं. मला पुढची जागा मिळाली, आणि मागं वहिनी.

मतलई (जमिनीवरून समुद्राकडं वाहणारा वारा) पाठीशी होती, आणि सुकतीही (ओहोटी) त्याच दिशेची. होडी आपसूक पळत होती. मला वाटलं, मीच छान वल्हवतेय. परत फिरलो तेव्हा मतलई पडली होती. समुद्रावरचा वारा सुटला आणि उतरत्या पाण्यावर उलटा आदळू लागला. आखूड, उभ्या लाटा उठल्या. मी जीव तोडून वल्हवत होते, तरी ओहोटीच्या ओढीनं होडी जागीच; काठावरचा तो एकच माड हलेना. पाचवारी भिजून गुडघ्यांना चिकटली. "लेफ्ट! लेफ्ट!" मी ओरडले.

"वन्सं, मला ते कळत नाही," वहिनी मागून म्हणाल्या. "रंकाळ्यावर तुम्ही दोघं इंग्रजीत हसायचात, आणि मी काठावर तुमच्या चपला राखायची. एकदा तरी बसवतील, असं वाटायचं."

मला मागं वळून बघता येत नव्हतं. ते बरंच झालं.

"डावं," मी म्हणाले. "डावं मारा, वहिनी."

"आता कळलं. काठाला घेऊ, तिथं ओढ कमी असते."

काठाकाठानं निघाल्यावर माड हळूहळू मागं सरकू लागला. दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. कसं झालं, त्यानं विचारलं. आम्ही दोघींनी होडी उचलून त्याच्या शेजारून काठावर नेली.

पुढच्या सगळ्या सकाळी आम्हीच गेलो. वारा पाठीवर, वारा तोंडावर, भरती, सुकती. दादा ओट्यावर सासऱ्यांशेजारी लाडू खात बसायचा.

कोल्हापूरला परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी दादानं रंकाळ्यात कयाक लावली. इथं ओट्यावर बसून बघणारं कुणी नव्हतं. "चल गं," तो वहिनींना म्हणाला, आणि त्या पुढच्या जागेवर जाऊन बसल्या. मी दोघांच्या चपला उचलून काठावर उभी राहिले.

मध्यावर वारा आडवा आला. "लेफ्ट!" दादाचा आवाज आला.

"डावं म्हणा," वहिनी म्हणाल्या.

मला हेवा वाटला. या वेळी वहिनींचा नाही, दादाचा.