येऊ का?

दार उघडंच होतं, तरी शेजारच्या मालतीताईंनी कडी वाजवली. "येऊ का?" वीस वर्षांत त्या न विचारता कधी आत आल्या नाहीत.

मी माझ्या मसाल्यांच्या जाहिरातीचा ईमेल लिहीत होते. पत्ते प्रदर्शनातल्या माझ्या स्टॉलवरच्या अभिप्रायाच्या वहीतून उतरवलेले. लोकांनी ते चव आवडली म्हणून लिहिले होते, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे घुसावं म्हणून नव्हे. मागच्या मेलला उत्तर म्हणून एका बाईंनी विचारलं होतं, "आपण कोण?" ते डोक्यातून जाईना.

ताई चहा घेऊन गेल्या. मी यादी बाजूला ठेवली आणि त्या बाईंना एवढंच लिहिलं, "मी मसालेवाली. पुन्हा लिहू का?"

अजून उत्तर नाही. सारखी मेल उघडून बघते. कडी वाजवून बाहेर थांबणं इतकं जड जातं, हे ताईंकडे बघून कधी वाटलं नव्हतं.