उबेला येणारा आवाज

या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावातल्या त्या घरात मी राहायला गेलो तेव्हा काकी वारून वर्ष होत आलं होतं. त्यांना मी कधी पाहिलं नाही. आवाज मात्र इतका ओळखीचा झाला की पुढे पुढे आईचा आवाज आठवायला गेलो तरी मधेच त्यांचाच यायचा. ते मला बरं वाटत नसे. आई जिवंत होती, समुद्रापलीकडे होती, आणि मी तिचा आवाज दुसऱ्या कुणाच्या आवाजाखाली हरवत होतो.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचे पणजोबा कोकणातून ऊस तोडायला इकडे आले होते. ते गाव शोधायला काका एकदा हिंदुस्थानात आले. गाव सापडलं नाही, मी सापडलो. सातवीतून शाळा सुटलेली, मुंबईत रेडिओ दुरुस्तीचं काम शिकून गावी रिकामा बसलेला. त्यांनी माझ्यासाठी इथे शब्द टाकला, दुकानात चिकटवलं, मागची खोली दिली. "आमच्या गावचाच समज," असं ते लोकांना सांगत. कुठलं गाव ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला रोज सकाळी जाग आली की पहिली धास्ती हीच, आज आपल्या हातून काही बिघडलं तर परत पाठवतील का.

बैठकीच्या खोलीत लाकडी पेटीतला मोठा रेडिओग्राम होता. लंडनच्या पुतण्याने आणलेलं टेपचं यंत्र त्याला जोडलेलं. घरात फीत एकच, तिच्यावर काकी गणपतीत फेर धरून नाचताना म्हणतात ते झाकरीचं गाणं म्हणत होत्या, चुलीपाशी बसून, काकांनी हट्टाने म्हणायला लावलेलं. गाण्यातले दोन-तीन शब्द काकांनाही कळत नसत. एक मला कळायचा, माझी आत्या तो वापरायची. गाणं संपलं की फितीवर भांडं सरकल्याचा आवाज यायचा आणि मग काकी म्हणायच्या, "पुरे. आता बंद करा."

रोज दिवेलागणीला तेच चालायचं. काकांची सून, म्हणजे माझ्या वहिनी, काकींच्या जुन्या साडीचं दुपदरी कापड रेडिओग्रामवर पसरायच्या. ते मागच्या बाजूने खाली लोंबायचं. वर पितळी ताट, ताटात दिवा, दिव्यामागे काकींचा फोटो. मग काका टेप लावायचे. वहिनी स्वयंपाकघरात जायच्या, आणि आतून "पुरे" ऐकू आलं की हात पुसत बाहेर येऊन दिवा देवघरात नेऊन ठेवायच्या, कापडाची घडी करायच्या.

पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. गाणं सुरू झालं ते बारीक, चिरक्या आवाजात, टेपवर कुणाचाही येतो तसा. मग हळूहळू तो आवाज बसत गेला. जाड झाला, किंचित घोगरा, जवळ आल्यासारखा. शेवटचं "पुरे" तर खुर्चीमागे उभं राहून कुणीतरी म्हटल्यासारखं.

"आली," काका म्हणाले.

"कोण?"

"अरे, तुझी काकी. आधी कुणीतरी दुसरीच गात असते. दिवा लागला, थोडा वेळ गेला, की ही येते. हाच तिचा लाव्वा." आवाजाला ते क्रेओलमध्ये लाव्वाच म्हणत.

मी मान डोलावली. पण दुपारी हीच फीत लावली की आवाज शेवटपर्यंत चिरकाच राहतो, हे पुढे माझ्या लक्षात आलं. फीत तीच, यंत्र तेच. त्या खोलीत संध्याकाळी एकट्याने बसायला मला नको वाटू लागलं.

एका संध्याकाळी कापडाच्या कडेखालून लाल उजेड दिसला. मी वाकून मागच्या जाळीतून पाहिलं. मोठा व्हॉल्व्ह, रेडिओतली काचेची नळी, आतून तांबडा झाला होता, निखाऱ्यासारखा. दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं. त्या व्हॉल्व्हच्या पायाशी मेणकागदाचा जुना कंडेन्सर होता, करंगळीएवढी नळी. तिचं मेण वितळून खाली ओघळलं होतं आणि थिजलं होतं. कंडेन्सर गळायला लागला की व्हॉल्व्हवर नको तो विजेचा भार येतो. आधी आवाज बिघडतो, मग व्हॉल्व्ह जातो, मग ट्रान्सफॉर्मर, आणि लाकडी पेटी असली की घरसुद्धा जाऊ शकतं. मी दुकानातून त्याच मापाचा नवा आणला आणि डाख देऊन बसवला. काकांचे उपकार थोडे तरी फिटले असं मला वाटलं. जुना कंडेन्सर का कोण जाणे, टाकला नाही, खोलीत काडेपेटीत ठेवला.

त्या संध्याकाळी गाणं स्वच्छ वाजलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारीक, चिरकं. वहिनींनी दिवा उचलला. काका फोटोकडे बघत बसून राहिले.

"आज आली नाही," ते म्हणाले.

पुढच्या संध्याकाळीही आली नाही. तिसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. शेवटी मीच सांगितलं की मी कंडेन्सर बदलला. ते म्हणाले, "मग तिला त्यातून काढून तू कुठे ठेवलंस?"

मी काडेपेटी आणून दाखवली. त्यांनी ती उघडून पाहिली आणि कानाशी नेली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

दुकानाच्या मालकांना, ज्यांना सगळे मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणत, मी विचारलं की माप तेच असताना कंडेन्सर बदलल्याने आवाज बदलतो का. ते हसले. "मेम झाफेर," म्हणाले, म्हणजे सगळं एकच. "लोकांना आपण काय बसवलंय ते सांगितलं, की त्यांना तसं ऐकू येतं. तू न सांगता बसव."

"न सांगताच बसवला होता, मिस्ये."

"मग म्हाताऱ्याच्या कानात काहीतरी असेल," ते म्हणाले आणि कामाला लागले.

रविवारी घरातले सगळे नातलगांकडे लालमतीला गेले. मी दोन्ही कंडेन्सर पाळीपाळीने जोडून तीच फीत ऐकली. दुपारच्या थंड यंत्रात मला दोघांत काडीचाही फरक कळला नाही. मिस्ये खरे ठरले होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग उगाच, जुना जोडलेला असताना, मी साडीचं कापड पसरलं. ते मागे लोंबून जाळीवर बसलं. ताट ठेवलं, दिवा लावला. थोड्या वेळात पेटी तापली. आतली गरमी बाहेर पडायची वाटच बंद झाली होती. मेण मऊ झालं, कंडेन्सर गळू लागला, आणि रिकाम्या घरात काकींचा आवाज बसत बसत जवळ आला. कारण माझ्या हातात होतं, तरी मी पाठ भिंतीला लावूनच ऐकलं.

काका आल्यावर सगळं समजावलं. कापड, जाळी, मेण. "ती येत नाही, काका. यंत्र तापतं आणि आवाज खराब होतो. तो खराब आवाज काकींचा नव्हता."

"होता," काका म्हणाले. "चुलीच्या धुराने तिचा गळा बसलेला असायचा. जन्मभर चुलीपाशी बसून गायली, ती थंडीत येईल?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "आणि घराला आग लागली तर? मग सगळेच जाऊ त्यांना भेटायला."

"तुला नाही न्यायची ती," काका म्हणाले. "तुझ्या हातची डाळ तिला कधी आवडली नाही."

वहिनींनाही हसू आलं. मग काका माझ्याकडे वळले. "घालशील परत? एवढंच मागतो तुझ्याकडे."

त्यांच्याच घरात राहून त्यांना नाही कसं म्हणायचं? मी जुना कंडेन्सर बसवला, पण व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत एक बारीक फ्यूज घातला. भार वाढला तर फ्यूज जाईल, घर राहील. हे काकांना सांगितलं. एक दिवस आवाज मधेच बंद पडेल, तेव्हा तो कंडेन्सर संपला असं समजायचं, हेही सांगितलं. ते बरं म्हणाले. त्या संध्याकाळी काकी आल्या आणि काका पोटभर जेवले.

पुढचा सगळा हिवाळा मी दिवेलागणीला भिंतीच्या बटणाशी उभा राहायचो. बाहेर क्वात्र बॉर्नची झिमझिम, आत तो आवाज. दर वेळी किंचित लवकर बसायचा, किंचित अधिक घोगरा व्हायचा. कंडेन्सर मरत चाललाय एवढाच त्याचा अर्थ, हे मला ठाऊक होतं. पण कानाला वाटायचं, काकी दर संध्याकाळी एक पाऊल पुढे येतायत.

मग ती संध्याकाळ आली. गाणं अर्ध्यावर होतं. आवाज इतका खाली उतरला की शब्द नुसते श्वासासारखे येत होते. आत टिक् झालं, आणि शांत.

फ्यूज गेला होता. पण रेडिओग्रामचा दिवा जळत होता, व्हॉल्व्ह उजळलेले होते, टेपची चाकं फिरत होती. सगळं चालू होतं, फक्त आवाज नव्हता. मी बटणाकडे हात नेला. काकांनी बोट वर करून मला थांबवलं. त्यांचे ओठ हलत होते, फितीबरोबर, न चुकता. मीही मनात गाणं पुढे नेत होतो. मला ते पाठ झालं होतं, न कळणाऱ्या शब्दांसकट. कडवं संपलं. भांडं सरकलं.

"पुरे. आता बंद करा."

मी ऐकलं. पाठ असल्यामुळे ऐकलं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय.

तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आल्या, रोजच्यासारख्या. दिवा उचलून देवघरात नेऊन ठेवला, कापडाची घडी घातली. आज आवाज अर्ध्यावर बंद पडला होता, हे त्यांच्या ध्यानातही आलेलं दिसलं नाही. बाहेर यायची खूण त्यांना कुठून मिळाली, हे मी विचारलं नाही. त्यांच्याबरोबर त्या घरात मी आणखी कितीतरी वर्षं राहिलो, तरी नाही विचारलं.

काकांनी स्वतः उठून टेपचं यंत्र बंद केलं.

"पुरे म्हणाली," ते म्हणाले. "ऐकलंस ना?"

"हो, काका."

"उद्या नवा घाल."

वहिनींनी ती घडी माझ्या हातात दिली, कपाटात ठेवायला. कापड अजून गरम होतं.