गोळीबाईंचा नियम

दवाखान्यातल्या नर्सबाईंना गरोदर बायका मागून ‘गोळीबाई’ म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. त्यांचा नियम एकच: लोहाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवा, नवं घेऊन जा. पाकिटात चार गोळ्या उरलेल्या दिसल्या की त्या बाईची शंभरी भरलीच!

“पोराला काय हवेवर वाढवणार आहेस?” असं अख्ख्या रांगेसमोर. रांग हसायची, ती बिचारी मान खाली घालायची. पुढच्या महिन्यात तिचं पाकीट रिकामं. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली, तेव्हा तर बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

आता पाकीट रिकामं म्हणजे गोळी पोटात गेली, हे कुणी सांगितलं होतं? पण शहाण्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

मग बाईंच्या धाकट्या बहिणीला दिवस गेले. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, घरीच कपडे शिवायची. रांगेत सगळ्यांसारखी उभी राहून रिकामं पाकीट पुढे करायची आणि डोळे मिचकावायची, “घ्या गोळीबाई!”

सातव्या महिन्यात दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना तिला धाप लागली. चेहरा पांढराफटक. “ताई, फार थकायला होतं गं.”

“मशीनवरून उठलीस तर थकवा जाईल ना! गोळ्या घेतेयस, मग रक्ताला काय धाड भरलीय?”

परक्या बाईचं रक्त त्यांनी तिथल्या तिथे तपासलं असतं. घरचीचं राहून गेलं.

बाळंतपणात रक्त गेलं. दुसरीनं सोसलं असतं इतकंच, डॉक्टर म्हणाले, पण हिच्या अंगात मुळातच नव्हतं. मुलगी वाचली. धाकटी गेली.

महिन्याभरानं बाळाच्या झबल्याचं बटण तुटलं, म्हणून बाईंनी तिच्या मशीनच्या खणातला बटणांचा डबा उघडला. बटणांत लाल गोळ्या मिसळलेल्या होत्या. ओंजळभर तरी असतील. टाकून द्यायला तिचा हात धजला नसणार. काही वाया घालवायचं नाही, हे आईनं दोघींना शिकवलं होतं.

बहिणीचा नवरा बाळाला घेऊन दारात उभा होता. “घेतल्या की उलट्या व्हायच्या तिला. मी म्हणायचो, ताईंना सांग. ती म्हणायची, नको, ताई सगळ्यांसमोर ओरडेल.”

बाई बटणांतून एकेक गोळी वेचू लागल्या.

आता त्या पाकीट मागत नाहीत. एकेकीला आत बोलावतात, जवळ बसवतात. “जात नाहीत ना गोळ्या? सांग, मी ओरडणार नाही. जेवणानंतर घे, लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर नको. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. तरीही मळमळलं तर मला येऊन सांग, डॉक्टर गोळी बदलून देतील.”

परवा एका पोरीनं अर्धं भरलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. “खोटं कशाला बोलू, सिस्टर? नाही गेल्या.”

बाईंनी पाकीट उचललं आणि उरलेल्या लाल गोळ्यांवरून बोट फिरवलं.

“एवढंच तर सांगायचं होतंस गं,” त्या म्हणाल्या.

पोर गोंधळली. “सांगितलं की आत्ता!”

बाईंनी डोळे पुसले आणि रक्त तपासायला तिचा हात जवळ ओढला.